चढावर मोटरहोमचे शेपूट का घासते?

ओव्हरहँग : मागच्या आसापासून गाडीच्या टोकापर्यंतचे अंतर. भारतात त्याला व्हीलबेसच्या ६० टक्क्यांची मर्यादा.

डिपार्चर अँगल : मागच्या चाकाचा टेकणबिंदू व शेपटाची खालची कड जोडणाऱ्या रेषेचा जमिनीशी कोन. शेपूट ३ मीटर लांब, जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, तर कोन जेमतेम ६ अंश. मागची चाके दहास एक चढाला लागली, की मोटरहोमचे टोक रस्त्याला टेकलेच.

आधी मार कुणाला : टो-हिच, सायलेन्सर, सांडपाण्याचा पाइप.

स्किड रोलर : शेपटाखालची पोलादी चाके. ती चासीलाच बसवावीत, बंपरला कधीच नाही. बंपर वाकतो.

स्किड प्लेट : फिरत नाही, घसटते. फरशीवर ओरखडे.

तात्पुरता उपाय : मागच्या चाकांखाली जाड फळ्या.