आठ चौकटींची फळी

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. बाप लूमवर नाहीतर एम्ब्रॉयडरी मशिनवर, आई घरी बसून साड्यांना लेस लावते, धागे कापते. अशाच घरांतली बौद्धिक दिव्यांग मुलंमुली माझ्याकडे काम शिकायला येतात. माझं माहेरही धरणगावचं. म्हणून एखादी आई "ताई, याले काम जमी का?" असं विचारते तेव्हा तिचा जीव कुठे अडकलाय ते लगेच कळतं.

अठरावं वर्ष जवळ आलं की हा घोर वाढतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुढे शाळा सुटते आणि कितीतरी मुलं घरात टीव्हीपुढे बसून राहतात. त्याच कायद्यात व्यवसाय प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंच्या गटाला मिळून आहे. पण ज्याला अर्जच वाचता येत नाही, त्याची नोकरी रिंगरोडच्या मार्केटात किंवा घराजवळच्या कारखान्यातच शोधावी लागते.

आणि सुरतेत ती सापडू शकते, असं मी ठामपणे म्हणते. इथला धंदा कामाचे तुकडे पाडूनच चालतो. हिऱ्यात एक कारागीर टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू मारतो, दुसरा तळिया, म्हणजे खालची बाजू करतो. साडीत कटिंग, लेस, घडी, पन्नी, पार्सल, प्रत्येकाला वेगळा माणूस. आमच्या मुलांना शिकवायची रीतही हीच आहे: काम तोडायचं, एक तुकडा पक्का झाला की पुढचा.

एका मुलाला डाउन सिंड्रोम आहे. घडी सुरेख घालतो, पदर बरोबर वर ठेवतो, पन्नीत फोटो सरळ सरकवतो. अडायचं ते सेट लावताना. कॅटलॉगच्या आठ डिझाइनची एकेक साडी एका सेटमध्ये जायला हवी आणि त्याला आठ मोजता येत नाहीत. आम्ही प्लायवुडच्या फळीवर आठ चौकटी आखल्या आणि प्रत्येकीत एका डिझाइनचा फोटो चिकटवला. फोटो बघायचा, तीच साडी त्यावर ठेवायची, सगळ्या चौकटी भरल्या की सेट उचलायचा. मोजायची गरजच उरली नाही. नवा कॅटलॉग आला की फोटो बदलायचे, एवढंच.

हे शिक्षण वर्गात पुरं होत नाही. कारखान्यातला गोंगाट, जेवणाची सुट्टी, हाका मारणारा सुपरवायझर, परतीची बस, सगळं तिथेच शिकावं लागतं. म्हणून सुरुवातीचे दिवस आमच्यातलं कोणीतरी शिकणाऱ्याच्या शेजारी उभं राहतं, मग हळूहळू लांब सरकतं. संस्थांत करून घेतात त्या पणत्या आणि मेणबत्त्यांनी हात वळतो, हे मलाही मान्य आहे. ज्यांना सतत आधार लागतो त्यांच्यासाठी संस्थेची स्वतःची कार्यशाळाच हवी. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेल्या प्रबोधिनी या बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थेने शाळेपुढे जाऊन तीही उभी केली. पण ज्याला बाजारातलं काम जमतं, त्याला दिवाळीच्या प्रदर्शनापुरतं ठेवणं अन्याय आहे.

पैशाच्या बाबतीत तर मी भांडतेच. एका मालकाने आमच्या मुलीला महिन्याला खुशी म्हणून थोडे पैसे द्यायला सुरुवात केली. शेजारची बाई तेच काम नगावर करत होती. मुलीचे वडील म्हणाले, "जाऊ द्या बेन, बसायला जागा दिली हेच खूप." मी दोघींचे नग आठवडाभर वहीत लिहिले आणि वही मालकापुढे ठेवली. तिचे नग कमी होते, पण खुशीच्या रकमेपेक्षा तिची कमाई बरीच जास्त निघत होती. पुढच्या महिन्यापासून तिलाही नगाचाच भाव मिळाला.

आता लग्नसराईच्या मालासाठी त्याच मालकाने आणखी दोन मुलं मागितली आहेत. मुलं तयार आहेत. नगाचा भाव आधी लिहून घेतला की सोमवारपासून पाठवते.