अवकाशातून लेसरचा मारा : जमेल का?

रात्री आरोंद्याला तेरेखोल खाडीच्या काठी उभे राहून पलीकडच्या गोव्याच्या तीरावर विजेरीचा झोत टाका. पलीकडे पोचेपर्यंत तो इतका फाकतो, की तिथले झाडही धड दिसत नाही. लेसरचा झोत मात्र सरळ जातो, असे आपण वाचतो. मग उपग्रहावर लेसर बसवून शत्रूचे क्षेपणास्त्र वाटेतच जाळता येईल काय?

२३ मार्च १९८३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी क्षेपणास्त्रे निकामी करण्याचे उपाय शोधण्याचे आवाहन शास्त्रज्ञांना केले आणि या कल्पनेला जोर आला.

आपण थोडे गणित करून पाहू. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे लेसरचा झोतही फाकतो. फक्त फार कमी. लक्ष्यावरच्या ठिपक्याची रुंदी काढायची, तर तरंगलांबीला अंतराने गुणा आणि आरशाच्या व्यासाने भागा. हायड्रोजन फ्ल्युओराइड लेसरची तरंगलांबी सुमारे २.७ मायक्रॉन असते. अंतर ३००० किलोमीटर व आरसा १० मीटर व्यासाचा धरला, तर ठिपका सुमारे ८० सेंटिमीटरचा पडेल. आरसा १ मीटरचा घेतला, तर ठिपका ८ मीटरचा होईल आणि तीच उष्णता शंभरपट क्षेत्रावर विखुरली जाईल. म्हणून आरसा प्रचंड हवा आणि शक्तीही प्रचंड हवी. शिवाय क्षेपणास्त्राचे एंजिन काही मिनिटेच जळते. तेवढ्या वेळात धावत्या लक्ष्यावर झोत स्थिर धरायचा!

अशा शस्त्रांची कसून तपासणी करणाऱ्यांत बारामतीत १९३८ साली जन्मलेले डॉ. चंद्र कुमार नारणभाई पटेल होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. कारखान्यांत पोलादी पत्रे कापण्यासाठी तो वापरतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अभ्यासगटाचे ते व निकोलास ब्लूमबर्गन सहप्रमुख होते. १९८७ च्या अहवालात या गटाने सांगितले, की लेसरची शक्ती किमान शंभरपट वाढायला हवी. आणि हे शस्त्र जमेल की नाही, एवढे ठरवायलाच दहा किंवा अधिक वर्षांचे संशोधन लागेल.

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेने विमानातल्या लेसरने क्षेपणास्त्र पाडून दाखवले, पण ते पुष्कळ कमी अंतरावरून. अवकाशातून लेसर मारणारी संरक्षक फळी अद्याप कोणत्याही देशाने उभारलेली नाही.

आता हाच हिशेब ०.५ मायक्रॉनच्या हिरव्या प्रकाशासाठी करा. ठिपका किती लहान होतो? आणि मग एवढी शक्ती देणारा हिरवा लेसर कसा बनवायचा, याची वर्गात चर्चा करा.