मांजराच्या पोटातील गाठ व रक्तातील साखर

धान्याच्या कोठारात मांजर असावे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. गव्हाची पोती व गुळाच्या ढेपी उंदरांपासून राखण्याचे काम ते बिनपगारी करते. तेच मांजर एखाद्या पहाटे भेलकांडू लागले, मागील पाय ओढू लागले किंवा आचके देऊन पडले, म्हणजे घरची मंडळी दोन तर्क करतात : उंदराचे औषध पोटात गेले असेल, नाही तर ते पिसाळले असेल. दोन्ही तर्क रास्त आहेत व प्रथम तेच करावेत. परंतु तिसरेही एक कारण संभवते. शरीरात वाढलेल्या गाठीमुळे रक्तातील साखर उतरते व त्यामुळे झटके येतात. हा विकार मांजरात फार क्वचित आढळतो, म्हणूनच तो कोणाच्या ध्यानी येत नाही.

स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात मिसळतो व रक्तातील साखर पेशींच्या स्वाधीन करतो. टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली हा रस वेगळा काढला. स्वादुपिंडातील त्याच पेशींची गाठ झाली, म्हणजे खर्चाला हिशेब राहत नाही. साखर कमी असो वा जास्त, इन्सुलिन सुटतच राहते. मेंदूची सारी भिस्त साखरेवर, त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो. मनुष्यातील असा रोगी अमेरिकेतील मेयो चिकित्सालयात आढळला व त्याची हकीकत १९२७ साली प्रसिद्ध झाली. तो स्वतः शस्त्रवैद्य होता. त्याच्या गाठीचा अर्क सशांस टोचला असता त्यांचीही साखर उतरली. यकृतातील किंवा अन्यत्रच्या मोठ्या गाठीही, इन्सुलिनसारखे द्रव्य निर्माण करून अथवा स्वतःच साखर फस्त करून, असाच परिणाम घडवितात.

असे झटके ओळखण्याच्या तीन खुणा व्हिपल नामक शस्त्रवैद्याने मनुष्यांकरिता सांगितल्या, त्या जनावरांसही लागू पडतात : लक्षणे बहुधा उपाशीपोटी यावीत, त्याच वेळी रक्तातील साखर कमी भरावी आणि साखर पोटात जाताच लक्षणे निवळावीत. झिंक फॉस्फाईडची बाधा अशी येत-जात राहत नाही. ती एकदा होते व चढतच जाते. आपल्या जिल्ह्यातील संकरित गाईंस व्याल्यानंतर होणारी कितनबाधा पुष्कळांनी पाहिली असेल. तेथेही रक्तातील साखर उतरते, पण ती दुधावाटे निघून जाते. गाठीचा तेथे संबंध नसतो.

मांजराच्या साखरेचा आकडा कमी आला, एवढ्यावरून मात्र गाठ ठरवू नये. मधुमेही मांजरास इन्सुलिनची सुई जास्त झाली, यकृत बिघडले किंवा लहान पिलू उपाशी राहिले, तरीही साखर उतरते. शिवाय बाटलीत पडून राहिलेल्या रक्तातील पेशी स्वतःच साखर खातात आणि आकडा खोटा येतो. नमुना योग्य बाटलीत घेऊन ताबडतोब तपासावा, हे दवाखान्यात आग्रहाने सांगावे. एरव्ही भेदरलेल्या मांजराची साखर चढते, ही गोष्टही ध्यानात असावी. साखर उतरलेली असतानाच घेतलेल्या रक्तात इन्सुलिन मात्र भरपूर सापडले, तर गाठीचा संशय पक्का होतो. गाठ लहान असल्यास सोनोग्राफीत ती दिसेलच असे नाही.

झटका आलेल्या मांजराच्या तोंडात बोट घालू नये. त्याला रेबीजची लस टोचलेली नसेल, तर दुरूनच त्यास बंद करावे व पशुवैद्यास बोलवावे. दात किंवा नख लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. मांजर बेशुद्ध असताना त्याच्या घशात दूध अथवा साखरपाणी ओतणे घातक आहे, कारण ते फुप्फुसात उतरते. शुद्धीवर आल्यावर लागलीच मांस-मासळीचे अन्न द्यावे. नुसती साखर देत राहिल्यास गाठ चेतते व अधिक इन्सुलिन सोडून पुन्हा झटका आणते. पुढे अन्न थोडथोडे, दिवसातून चार-सहा वेळा घालावे. रात्रीचा उपवास लांबू देऊ नये. प्रेडनिसोलोनसारखी औषधे व शस्त्रक्रिया हा पशुवैद्याचा प्रांत आहे. गाठ पसरलेली नसल्यास ती काढून टाकता येते.

औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात अथवा तालुक्याच्या दवाखान्यात जाताना झटक्यांची एक कीर्द बरोबर न्यावी : तारीख, वेळ, शेवटचे खाणे कधी झाले व मांजर किती वेळाने सावरले. उंदराचे औषध घरात असेल, तर त्याचे पाकीटही न्यावे.