घाटकोपर : एका किलोमीटरमधले अंतर

सकाळी सातच्या सुमारास घाटकोपर स्थानकाच्या पुलावर उभे राहिले की हे उपनगर नेमके कसे घडले आहे ते ध्यानात येते. मध्य रेल्वेच्या लोकलमधून उतरलेली गर्दी मेट्रोच्या जिन्याकडे धावते, तर त्याच गर्दीला छेद देत गणवेशातली मुले पूर्वेहून पश्चिमेला आणि पश्चिमेहून पूर्वेला जातात. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गाने धावली. पुढे घाटकोपर-किरोळची स्वतंत्र नगरपालिका होती. 1950 मध्ये हा परिसर बृहन्मुंबईत आला आणि 8 जून 2014 रोजी मेट्रोने तो थेट अंधेरी-वर्सोव्याला जोडला.

पूर्वेला राजावाडी रुग्णालय, वल्लभबाग लेनची खाऊगल्ली, गारोडिया नगरच्या नीटनेटक्या सोसायट्या आणि पंतनगरच्या वसाहती आहेत. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून, माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, ओलांडला की टेकड्या सुरू होतात आणि भटवाडी, असल्फा अशा वस्त्या उतारावर चढत जातात. असल्फाची रंगवलेली घरे मेट्रोतून दिसतात, प्रवासी त्यांचे फोटो काढतात. गुजराती, मराठी, दक्षिण भारतीय, उत्तर भारतीय, व्यापारी, कारकून, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया अशी सगळी मुंबई इथे जवळजवळ खेटून राहते. शाळाही अशाच खेटून आहेत. महापालिकेच्या, अनुदानित मराठी-गुजराती माध्यमाच्या आणि भरभक्कम फीच्या खासगी इंग्रजी शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

घाटकोपरचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. घरे जवळ आहेत, शाळा जवळ आहेत, मग मुले एका बाकावर का येत नाहीत?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात हाच प्रश्न सोडवायला बस लागली. गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी, म्हणून शाळाही वेगळ्या. जून 1974 मध्ये न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी मुलांना बसने एकमेकांच्या भागातल्या शाळांत नेण्याचा आदेश दिला. 12 सप्टेंबरला शाळा उघडल्या, तेव्हा साउथ बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. विरोध करणारे म्हणत होते, आमचा आक्षेप मुलांना नाही, सक्तीला आहे. आमची शाळा आमच्या वस्तीचीच हवी. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीमंत उपनगरांना अशा योजनांतून जवळपास मोकळे सोडले. एकत्र येण्याचा भार शहरातल्या गरीब वस्त्यांवर पडला आणि ज्यांच्याकडे सर्वाधिक साधने होती ते बाजूला राहिले.

घाटकोपरमध्ये बसची गरजच नाही. मूल आईचे बोट धरून चालत जाऊ शकते. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12(1)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. 12 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून सूट आहे.

विरोध तेव्हापासून आहे आणि तो फक्त संस्थाचालकांचा नाही. पालकसभांत, सोसायटीच्या आवारात तेच मुद्दे ऐकू येतात. आमच्या फीवर दुसऱ्यांची मुले का शिकवायची? त्यांना घरी इंग्रजी कोण शिकवणार? आमच्या मुलांची भाषा बिघडेल. ‘आरटीईवाली मुले’ हा शब्द तर शिक्का बनून बसला आहे. शाळांच्या तक्रारीतला एक भाग खरा आहे. शासनाने मुलामागे वर्षाला 17,670 रुपये प्रतिपूर्ती ठरवली, ती वेळेवर येत नाही आणि थकबाकी वर्षानुवर्षे साचते. पण सरकारच्या थकबाकीची किंमत सहा वर्षांच्या मुलाने का मोजायची?

9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य शासनाने या विरोधाला वाट करून दिली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट देणारा नियम आला. गावाकडे या नियमाचा अर्थ काहीही असो, घाटकोपरमध्ये त्याचा अर्थ एकच होता. महापालिकेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत नाही, अशी खासगी शाळा इथे शोधूनही सापडणे कठीण. ज्या जवळपणामुळे मुले सहज एकत्र येऊ शकली असती, तोच जवळपणा त्यांना वेगळे ठेवण्याचे कारण ठरला.

पालकांनी निकाल लगेच दिला. त्या नियमाखाली राज्यभर आठ लाखांहून अधिक जागा दाखवल्या गेल्या, पण अर्ज लाखभरही आले नाहीत. 6 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली. जुनी प्रक्रिया पुन्हा सुरू होताच दोन लाखांहून अधिक अर्ज आले, तेही सुमारे एक लाख जागांसाठी. 19 जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने हा नियम मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या विरोधात ठरवून रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

कायदा वाचला, पण शाळेच्या फाटकापर्यंतची वाट अजून बिकट आहे. असल्फ्यातली एखादी आई अर्ज भरायला बसते, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर नकाशा उघडतो आणि आपल्या घरावर खूण ठेवायची असते. टेकडीवरच्या बोळात घराला धड क्रमांक नसतो. खूण जरा सरकली तरी शाळेचे अंतर बदलते आणि पडताळणीत प्रवेश अडू शकतो. भाड्याच्या खोलीला नोंदणीकृत करारनामा लागतो, आणि तो करून द्यायला घरमालक सहज तयार होत नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये. दाखला तहसीलदारांचा हवा, आणि कुर्ला तालुक्याचे ते कार्यालय मुलुंडला. एका अर्जात दहा शाळा निवडायच्या, मग सोडत. ‘नंबर लागला का?’ हा प्रश्न त्या दिवसांत प्रत्येक नळावर विचारला जातो.

नंबर लागल्यानंतर दुसरी परीक्षा सुरू होते. शिकवणी शुल्क माफ होते, पण शाळेची बस, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख यांचे पैसे मागितल्याच्या तक्रारी पालक करत असतात. नववीपासून पूर्ण फी सुरू होते आणि आठ वर्षे एका वर्गात वाढलेले मूल ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलते. या मुलांना प्रवेश देणे ही फक्त सुरुवात आहे. त्यांना वर्गात सामावून घेणे हे शिक्षकांचे आणि बरोबरच्या पालकांचे काम आहे.

रमाबाई नगरात शिक्षणाला जे मोल आहे ते समजून घ्यायला हवे. 11 जुलै 1997 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या जखमेसह ही वस्ती आपली मुले शिकवत राहिली. आता इथे मोठ्या पुनर्विकासाचे काम सुरू झाले आहे. उद्या पत्रे जाऊन इमारती उभ्या राहतील, पण शाळा वेगळ्याच राहिल्या तर वस्त्या जवळ येऊनही माणसे दूरच राहतील.

एका बाकाची ही लढाई महाराष्ट्राला नवी नाही. 1919 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. विरोध तेव्हाही झाला आणि तेव्हाही तो वस्तीच्या, रीतीच्या नावाने झाला.

म्हणून घाटकोपरकरांना सांगणे आहे. शासनाने शाळांचे पैसे वेळेवर द्यावेत, ही मागणी शाळा आणि पालकांनी मिळून करावी. पंतनगर, भटवाडी, रमाबाई नगरातल्या ग्रंथालयांनी आणि मंडळांनी प्रवेशाच्या हंगामात अर्ज भरून देण्याची केंद्रे चालवावीत. सवलत आठवीला न थांबता दहावीपर्यंत जावी, यासाठी इथल्या लोकप्रतिनिधींनी आग्रह धरावा. आणि सोसायटीतल्या पालकांनी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला बोलवावे, एकालाही न वगळता.