आटलेला खजिना : पश्चिम रोमची अखेरची शंभर वर्षे (इ.स. ३७६ ते ४७६)

रोमन साम्राज्य का लयाला गेले, या प्रश्नाची आजवर देण्यात आलेली उत्तरे अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये मोजली, तेव्हा ती २१० भरली. नैतिक अधःपतनापासून शिशाच्या विषबाधेपर्यंत सर्व काही त्या यादीत आहे. त्यांतील बरीचशी उत्तरे एकाच ठिकाणी अडतात. लयाला गेला तो साम्राज्याचा पश्चिमेकडील अर्धा भाग; तोच धर्म, तेच कायदे आणि तसाच भोगविलास असलेला पूर्वेकडील अर्धा भाग मात्र कॉन्स्टँटिनोपल राजधानीच्या आश्रयाने १४५३ पर्यंत तगून राहिला. तेव्हा या दोहोंतील फरक सद्गुणांत नव्हे, तर महसुलात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

हूणांच्या दबावामुळे गॉथ टोळ्या ३७६ मध्ये डॅन्यूब ओलांडून साम्राज्याच्या आश्रयाला आल्या, आणि त्यांच्या उपासमारीचा फायदा उठवत रोमन अधिकाऱ्यांनी कुत्री देऊन त्यांच्या मोबदल्यात गॉथांची माणसे गुलाम म्हणून घेतली, असे अमियानुस मार्सेलिनुस या तत्कालीन इतिहासकाराने नमूद केले आहे. त्यातून पेटलेल्या बंडात ९ ऑगस्ट ३७८ रोजी आद्रियानोपलच्या लढाईत सम्राट वालेन्स मारला गेला. पुढे ३८२ च्या तहाने गॉथांना हद्दीच्या आतच जमिनी मिळाल्या. परकीय सैनिक रोमला नवे नव्हते. स्वतःच्या सरदारांच्या हाताखाली एकसंध राहणारी फौज साम्राज्याच्या पोटात वसणे, हे नवे होते.

४०६ च्या अखेरीस वँडल, अलान आणि स्वेबी यांनी ऱ्हाईन ओलांडली, तर ४०८ मध्ये दरबारी कारस्थानातून स्टिलिको या कर्त्या सेनापतीचा शिरच्छेद झाला. गॉथांचा राजा अलारिक याने त्यानंतर रोमला वेढा घातला आणि खंडणीत ५,००० पौंड सोने व ३०,००० पौंड चांदी यांच्याबरोबरच ३,००० पौंड मिरीही मागितली. मलबारची ही मिरी तेव्हा सोन्याचांदीच्या पंक्तीला बसत होती. ४१० मध्ये शहर लुटले गेले. जगभर हळहळ झाली, तरी राज्ययंत्रणा त्याने मोडली नाही, कारण सम्राट रावेन्नात होता आणि आफ्रिकेचा वसूल चालू होता.

खरा घाव बसला तो आफ्रिकेतच. आजच्या ट्युनिशियाच्या आसपासचा हा सुपीक प्रांत युद्धांपासून बहुतांशी बचावला होता आणि रोम शहराचे सरकारी धान्य, ज्याला ‘अन्नोना’ म्हणत, मोठ्या प्रमाणावर तेथूनच येत असे. रोमन सेनापती आपसांत झगडत असताना वँडलांचा राजा गायसेरिक ४२९ मध्ये समुद्र ओलांडून तेथे उतरला आणि १९ ऑक्टोबर ४३९ रोजी त्याने कार्थेज घेतले. पुढच्या काही वर्षांतच सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या एका कायद्यात, नव्या सैनिकांचे सोडाच, जुन्यांच्याही अन्नवस्त्राला पैसा पुरत नसल्याची कबुली आहे. त्याच कायद्याने विक्रीच्या रकमेवर १/२४ इतका नवा कर बसवला. येथून पुढे चक्र उघड दिसते: प्रांत गेला की वसूल जातो, वसूल गेला की फौज घटते आणि फौज घटली की पुढचा प्रांत जातो. आफ्रिका परत घेण्यासाठी ४६८ मध्ये पूर्वेच्या खजिन्यातून प्रचंड आरमार धाडण्यात आले, परंतु गायसेरिकने वाऱ्याचा फायदा घेऊन पेटती जहाजे त्यात सोडली आणि ती मोहीम बुडाली.

यानंतर उरले ते जवळजवळ इटलीच. ४७६ मध्ये तेथील भाडोत्री सैनिकांनी वेतनाऐवजी जमिनींचा एक तृतीयांश वाटा मागितला आणि तो नाकारला जाताच त्यांचा नायक ओडोएकर याने बालसम्राट रोमुलुस आवगुस्तुलुस याला पदच्युत केले. मुलाला मारण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. वर्षाला ६,००० सुवर्णनाण्यांची नेमणूक बांधून देऊन त्याला कांपानियातील एका वाड्यात पाठवण्यात आले.