ओटीतला खण अंगावर यावा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले की घरोघरी देवीची ओटी भरण्याची लगबग सुरू होते. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण. पुढे तांदळाचा भात होतो, नारळाचा प्रसाद वाटला जातो. खण मात्र कपाटात जाऊन पडतो. एखाद्या हळदीकुंकवास तो दुसऱ्या सुवासिनीच्या ओटीत जातो आणि तेथून तिसरीच्या. वर्षानुवर्षे घडी न मोडलेले असे खण आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहेत. जे वस्त्र देवीपुढे भक्तिभावाने ठेवले, ते कोणाच्याच अंगाला लागू नये, हे आम्हास रुचत नाही.

याचे कारण अनास्था नव्हे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे, आगरी-कोळी बांधवांच्या जुन्या गावांभोवती नवी मुंबई उभी राहू लागली. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून कुटुंबे आली. देव्हारा बरोबर आला, कुळाचार आला. घरातील तीन पिढ्यांची मापे ओळखणारा शिंपी मात्र गावीच राहिला. आज खणाहून शिलाईच महाग पडते. मग घडी मोडणार कोण?

यावर उपाय एकच, आणि तो आपल्याच हाती आहे : कपडा स्वतः बेतावा. ‘बेत’ आणि ‘बेतणे’ हे शब्द किती जवळचे आहेत पाहा! कात्रीआधी विचार हवा, हेच ते सांगतात. कापलेले कापड पुन्हा सांधत नाही. म्हणून आधी कागद कापावा. खाकी कागद घ्यावा. वर्तमानपत्रही चालेल, फक्त देवादिकांची चित्रे असलेल्या पानास कात्री लावू नये.

लेकीच्या पोलक्यापासून आरंभ करावा. छाती २४ इंच धरू. तिचा चौथा भाग ६ इंच. त्यात ढिलाईसाठी १ इंच आणि शिवणीसाठी १ इंच मिळवून ८ इंच रुंदी घ्यावी. कागदाची घडी हा अंगाचा मध्य. त्या घडीपासून खांदा ५ इंच आणि गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या हिश्शाइतकी, म्हणजे २ इंच. मुंढ्याची खोली साडेपाच इंच. उंची १३ इंच हवी असेल, तर खांद्याची शिवण व खालची दुमड यांसाठी दीड इंच वाढवावा. पुढचा गळा मागच्याहून खोल ठेवावा आणि पुढचा मुंढा अर्धा इंच अधिक कोरावा. नाही तर हात पुढे घेताच काखेत चुण्या पडतात. जेथे बटणपट्टी येईल, तेथे दोन्ही भागांस एकेक इंच जास्त सोडावा.

हा कागद जुन्या धोतरावर अथवा सुती लुगड्यावर ठेवून कापावे, धावदोऱ्याने जोडून लेकीच्या अंगावर घालून पाहावे. जे ओढते, जे लोंबते, ते कागदावर दुरुस्त करावे. मगच खण हाती घ्यावा.

खण सुती असेल, तर आधी पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. आटणे असेल ते तेव्हाच आटून जाते. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या खणास काठ असतात. ते बाहीच्या टोकाशी आणि पोलक्याच्या खालच्या कडेस येतील, असे कागद मांडून पाहावेत. खण पुरत नसेल, तर पाठ साध्या सुती कापडाची करावी. त्यात उणेपणा मुळीच नाही.

शिवणीत जे जास्तीचे कापड आत सोडतात, त्यास आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण मूल वाढले की तीच उसवून कपडा मोठा करता येतो. तयार कपड्यात ही माया बहुधा बेताचीच असते. आईने बेतलेल्या कपड्यात ती पुढच्या दोन वर्षांची असू शकते.

शिवणकाम हलके समजणाऱ्यांनी संत नामदेव शिंपी कुळात जन्मले होते, हे आठवावे. हातातले काम आणि मुखातले नाम यांत त्यांनी अंतर मानले नाही.

विजयादशमीस आपण शस्त्रे आणि अवजारे पूजितो. यंदा यंत्राबरोबर कात्री, फीत आणि तो कागदी बेतही पाटावर मांडावा. कागदावर लेकीचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. पुढील वर्षी तो थोडा वाढवावा लागेल. देवीच्या ओटीतला खण लेकीच्या अंगावर यावा आणि तो तिच्या आईच्या हातचा असावा, यासारखा दुसरा प्रसाद कोणता?