चावी, सेल आणि पट्टा

पंचवीस फूट फिल्म, फुटाला ८० फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेम. म्हणजे १२५ सेकंद. अनंत चतुर्दशी उलटून हवेतला ओलावा जरा कमी झाला, की मी घरातला जुना ८ मिमीचा कॅमेरा जेवणाच्या टेबलावर घेतो, वाया गेलेली एक फिल्म त्यात घालतो, चावी देतो आणि मोबाइलवरचं घड्याळ लावून हा हिशेब ताडून बघतो. मध्ये चार-पाचदा चावी द्यायला थांबावं लागतं, तो वेळ वगळायचा. गेल्या वर्षी १३१ सेकंद भरले. साठी ओलांडलेल्या यंत्राला सहा सेकंद उशीर झाला, तर मी त्याला काही बोलत नाही.

कॅमेरा यशिकाचा, जपानी. पुढे फिरणारी चकती, तिच्यावर दोन लेन्स, बाजूला दुमडणारी चावी. आमचे काका बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरात तो घेतला. याच कपाटात त्याच्याहून तरुण असे आणखी तीन कॅमेरे आहेत. एकाला उजेड आपोआप मोजता यायचा, दुसऱ्याची झूम बटण दाबलं की सरकायची, तिसऱ्याला तर ऐकूही यायचं. आज तिघांपैकी एकही धड नाही. छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांची शंभर वर्षं अशी समोर मांडली, की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या त्या पिढीत जी सोय जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापली जायची, नेमका तोच भाग पुढे आधी गेला.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १९२२ च्या अखेरीस पाथे कंपनीने ‘पाथे बेबी’ हा साडेनऊ मिमीचा घरगुती प्रोजेक्टर काढला आणि पाठोपाठ त्याचा कॅमेरा आणला. त्या फिल्मची भोकं कडेला नसून मधोमध, दोन फ्रेमच्या फटीत असायची. त्यामुळे कडेची जागा वाचून चित्र मोठं मिळायचं. पण फिल्म ओढणारा पंजा जरा चुकला, की ओरखडा थेट चित्राच्या मधून जायचा. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिमी आणली. हा आकडा हिशेबाने निवडलेला होता. सिनेमाची ३५ मिमी फिल्म उभी चिरली तर साडेसतरा येते. ती भडका उडवणारी नायट्रेट फिल्म चिरून कोणी घरात चालवू नये म्हणून १६. शिवाय ही फिल्म अ‍ॅसिटेटची, सहजी पेट न घेणारी, आणि धुतल्यावर तीच थेट पॉझिटिव्ह होणारी. वेगळी प्रिंट काढायचा खर्च वाचला. अर्थात, त्यामुळे घरची फिल्म एकुलती एक असते. प्रोजेक्टरमध्ये ओरखडली की मूळच ओरखडलं.

तरीही १६ मिमी महागच होती. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये कोडॅकने जी युक्ती काढली तिचं मला अजून कौतुक वाटतं. १६ मिमी रुंदीचीच फिल्म घ्यायची, तिला भोकं दुप्पट पाडायची. कॅमेऱ्यात आधी तिची एक अर्धी बाजू उजळते. पंचवीस फूट संपले की सावलीत बसून कॅमेरा उघडायचा, रीळ उलटं घालायचं आणि दुसरी बाजू घ्यायची. धुतल्यावर लॅबमध्ये फिल्म उभी चिरून दोन तुकडे जोडायचे, की हातात येते आठ मिमीची पन्नास फुटी फिल्म. चार हजार फ्रेम, चार मिनिटं दहा सेकंद. यालाच डबल एट म्हणतात.

या उलटण्यात माणसं चुकत. काकांच्या एका रिळात आमच्या आत्याच्या लग्नातल्या अंतरपाटावरून खाडीतली होडी जाते. उलटून झालेलं रीळ त्यांनी आपण उलटलंच नाही असं समजून पुन्हा घातलं. आत्या हयात होती तोवर ती फिल्म लावली की म्हणायची, माझं लग्न पाण्यात झालं.

पण यंत्र म्हणाल तर चोख. घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, वेग आवरणारा गव्हर्नर, फिल्म ओढणारा पंजा आणि फिरतं शटर. तार नाही, सेल नाही. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-क्रॉ गावच्या पायार कंपनीने १९३५ मध्ये बोलेक्स एच-१६ काढला, तो याच जातीचा. एका चावीत साडेसोळा फूट, म्हणजे २४ च्या वेगाने जेमतेम २८ सेकंद. माया डेरेन आणि जोनास मेकस यांनी अमेरिकेत आपला वेगळ्या वाटेचा सिनेमा बोलेक्सवरच केला. त्यात एकेक फ्रेमही घेता येते. तसं एकेका फ्रेमचं काम आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच केलं होतं. वाटाण्याचा कोंब वाढताना त्यांनी ३५ मिमीवर टिपला आणि भांडवल देणाऱ्याला दाखवला. असा धीर असलेला माणूस बोलेक्सवर बेहद्द खूश झाला असता.

स्प्रिंगच्या वेगावर एकदा एका देशाचा इतिहास अडकला होता. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अब्राहम झॅप्रूडर हा कपड्यांचा व्यावसायिक बेल अँड हॉवेलचा चावीचा ८ मिमी कॅमेरा घेऊन एका कठड्यावर उभा होता. अध्यक्ष केनेडींची मोटार समोरून गेली आणि गोळ्या सुटल्या. झॅप्रूडरने बोट काढलं नाही. ४८६ फ्रेम, सुमारे साडेसव्वीस सेकंद. दोन गोळ्यांमध्ये किती वेळ गेला, हे पुढे हत्येचा तपास करणाऱ्या वॉरन आयोगाला ठरवायचं होतं आणि मोजायला घड्याळ एकच, या कॅमेऱ्याची स्प्रिंग. साधा वेग १६ चा. एफबीआयने तपासून पाहिलं तर सरासरी निघाली १८.३. शंभर फ्रेम १६ ने मोजल्या तर सव्वासहा सेकंद होतात, १८.३ ने मोजल्या तर साडेपाच. नेम धरून दुसरी गोळी झाडायला तेवढा फरक कमी नाही. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने या मूळ फिल्मसाठी झॅप्रूडरच्या वारसांना १ कोटी ६० लाख डॉलर द्यायचे असं ठरलं. माझे सहा सेकंद मी मोजतो ते हे सगळं आठवूनच.

चावीचा कॅमेरा मरतो तो बहुधा मालकाच्या हौसेने. मीही त्याला एकदा मारायला निघालो होतो. आत ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं, चावी दिली तरी कॅमेरा कण्हत चालायचा. मी शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि जिथे जिथे चाक दिसलं तिथे थेंब सोडला. दोन दिवस तो हरणासारखा पळाला. तिसऱ्या दिवशी तेल ओघळत शटरच्या पात्यांवर आणि गेटमध्ये, म्हणजे फिल्म उजळते त्या चौकटीत, आलं आणि पुढच्या फिल्मवर प्रत्येक आकाशात एक तेलकट चंद्र उगवला. शेवटी एका म्हाताऱ्या घड्याळजीने तो पूर्ण उघडला, जुनं ग्रीस धुऊन काढलं आणि सुईच्या टोकावर मावेल इतकंच तेल मोजून सहा ठिकाणी लावलं. तेव्हापासून मी आत हात घालत नाही. गेटमध्ये फिल्मचा मसाला खरवडून साचतो, तो लाकडी दातकोरणीने काढतो, लोखंड लावत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कॅमेरा रिकामा चालवतो, तोही सावकाश. फिल्मशिवाय जास्त वेगात पळवला की गव्हर्नरवर ताण येतो. ठेवताना स्प्रिंग पूर्ण उतरवून ठेवतो.

चावीच्या कॅमेऱ्यांना पुढे उजेड मोजणारे डोळे आले. लेन्सभोवती किंवा वर मधमाशीच्या पोळ्यासारखी काच दिसली, की समजावं आत सेलेनियम आहे. उजेड पडला की तोच वीज तयार करतो आणि काटा हलवतो. सेल लागत नाही, म्हणून लोक खूश झाले. पण सेलेनियम हळूहळू थकतो आणि ओल लागली तर लवकर जातो. किनाऱ्यावरच्या घरात सापडलेला असा कॅमेरा मी काट्यावर विश्वास ठेवून कधीच वापरत नाही. मात्र डोळा गेला तरी हाताने अ‍ॅपर्चर लावता येत असेल, तर कॅमेरा जिवंतच असतो.

खरी उलथापालथ १९६५ ची. कोडॅकने सुपर एट आणली. भोकं बारीक केली, चित्राची जागा जवळपास दीडपट झाली आणि पन्नास फूट फिल्म प्लास्टिकच्या पेटीत बंद केली. पेटी खोबणीत सारली की झालं. सावली नको, उलटणं नको, आत्याचं लग्न कोरडं. १८ च्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद. पेटीच्या कडेला खाचा असायच्या; त्या चाचपून कॅमेऱ्याला फिल्मला किती उजेड हवा ते कळायचं. फुजीने त्याच वर्षी सिंगल एट काढली, तिची पेटी जास्त शहाणी होती, फिल्म मागे गुंडाळता यायची. पण बाजार कोडॅकचा होता. सुपर एटमध्ये फिल्मला गेटवर सपाट दाबणारी पट्टी पेटीतच, प्लास्टिकची. ज्या भागावर चित्राची ठसठशीतता ठरते, तो दर पेटीबरोबर कचऱ्यात. हे मला आजही खटकतं.

आणि चावी गेली. मोटार आली, मोटारीमागून सेल. चोरबाजारात सुपर एट कॅमेरा हाती आला की मी आधी सेलचं झाकण उघडतो, लेन्स नंतर. आत हिरवा-पांढरा गंज फुलला असेल तर भाव करायलाच नको, असं मी स्वतःला बजावतो आणि बहुतेक वेळा तरीही घेतो. व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून, वर थोडा पॉलिश पेपर फिरवला तर पत्र्या पुन्हा बोलू लागतात. गंज तारेतून आत शिरला असेल तर मात्र उपाय नाही.

त्याहून छुपा रोग उजेड मोजणाऱ्या छोट्या बटण-सेलचा. ब्राउनच्या निझोसारख्या देखण्या कॅमेऱ्यांत त्यासाठी वेगळा पाऱ्याचा सेल असे. १.३५ व्होल्ट, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तितकाच. १९९० च्या दशकात पाऱ्यावर देशोदेशी बंदी आली, ती योग्यच होती. त्या जागी दुकानदार देतो तो अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा आणि रोज थोडा उतरणारा. पुष्कळ मीटरना त्यामुळे उजेड आहे त्याहून जास्त वाटतो, अ‍ॅपर्चर मिटतं आणि फिल्म काळोखी येते. उपाय औषधाच्या दुकानात मिळतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. चिकटपट्टी काढली की तो हवेवर जागा होतो आणि काही आठवड्यांत संपतो. औषधवाला एकदा काळजीने विचारत होता, घरात कोणाला ऐकू कमी येतं? मी म्हटलं, दिसायला कमी येतं.

१९७३ मध्ये आवाज आला. फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्टी. चित्राच्या अठरा फ्रेम पुढे त्याचा आवाज. त्यामुळे फिल्म कापून जोडायची म्हटली की चित्र इथलं आणि हुंदका तिथला. १९९७ मध्ये कोडॅकने ध्वनीच्या पेट्या बंद केल्या. ते कॅमेरे आता मुकेच चालवायचे, तेही त्यांच्यातलं रबर धड असेल तर. माझ्या तिसऱ्या कॅमेऱ्यात रबराचा पट्टा नव्हताच. त्या जागी गुळाच्या पाकासारखं काळं काहीतरी होतं. दोन दिवस बोटांवरून जात नव्हतं.

आपल्याकडे हे सगळं मोजक्या घरांत होतं. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर, आणि काही वर्षांतच लग्नात दिवा घेऊन फिरणारा व्हिडिओवाला. फिल्मचे कॅमेरे माळ्यावर गेले, बहुधा चामड्याच्या केसमध्ये. तीच चूक. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर बुरशीची जाळी पसरते. आमच्याकडे काहीजण कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवत. त्याने तांदळाचा कोंडा गेटमध्ये जातो. स्टीलचा घट्ट डबा आणि सिलिका जेल पुरे. फिल्मची तऱ्हा वेगळी, तिला थंडावा हवा आणि थोडी हवाही. दमट उष्म्यात अ‍ॅसिटेट कुजायला लागलं की डबा उघडताच आंबट भपकारा येतो. मग ती फिल्म आधी बाकीच्यांपासून दूर करायची. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात ब्रिटिश कुटुंबांनी भारतात घेतलेल्या अशा घरगुती फिल्म जपून ठेवल्या आहेत. साहेबांच्या बागेतल्या चहापानाच्या मागे कामाला जाणारा आपला माणूस त्यांत चालून जातो. आपल्या माणसांनी घेतलेल्या फिल्म मात्र अजून माळ्यावर आहेत.

रंग टिकले ते कोडाक्रोमचे. मॅन्स आणि गोडोव्स्की या दोन वादकांनी शोधलेली ही फिल्म १९३५ मध्ये १६ मिमीत आणि पुढच्या वर्षी ८ मिमीत आली. काकांच्या रिळात आत्याचा शालू अजून तसाच लाल आहे. पण ती धुण्याची रीत इतकी किचकट होती, की जगातली शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली, ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोम स्वीकारेनाशी झाली. आज जुन्या कॅमेऱ्यात न धुतलेली कोडाक्रोम सापडली तर फार तर काळी-पांढरी निघेल.

कोडॅकने २०१६ मध्ये नव्या सुपर एट कॅमेऱ्याची घोषणा केली आणि २०२३ च्या अखेरीस तो बाजारात आणला. किंमत तेव्हा साडेपाच हजार डॉलरच्या घरात. पेटी १९६५ चीच. बघायला पडदा, आवाजासाठी कार्ड, आत चार्ज होणारी बॅटरी. यातलं आधी काय जाईल, यावर माझी पैज तयार आहे. डबल एटसाठी चेक प्रजासत्ताकातली फोमा कंपनी अजून काळी-पांढरी फिल्म बनवते. तिचं एक रीळ सध्या यशिकात आहे. एक बाजू विसर्जनात संपली. अजून उलटलेलं नाही, हे मी डब्यावर पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.